पायांची पारख

खडपवाडीच्या काशीरामचा कोणावर विश्वास नव्हता. पोस्टमनवर नव्हता, सरपंचावर तर नव्हताच, आणि बायकोनं आमटीत मीठ घातलंय असं सांगितलं तरी तो एकदा चाखून बघायचा. राजापूरला काजू घालायला गेला तर पोतं चढवण्याआधी व्यापाऱ्याचा काटा रिकामा असताना कुठे थांबतो ते वाकून बघायचा. उडत्या पाखराची पिसं मोजणारा म्हणून पंचक्रोशीत त्याचं नाव होतं. लोक ते चेष्टेनं घ्यायचे, पण त्याला त्यात मानच वाटायचा.

आता इतकं खरं, की ह्या स्वभावाला कारण होतं. वाडीच्या डोक्यावर सडा होता. काळ्या कातळाचं ते उघडं माळरान, पावसाळ्यात हिरवं आणि एरवी तापलेल्या तव्यासारखं. त्या सड्याच्या पोटातून एक झरा वाहायचा आणि वाडीची एकवीस घरं त्याच्यावर जगायची. शेजारच्या गावालाही असाच सडा आणि असाच झरा होता. चार वर्षांपूर्वी तिथे एक गृहस्थ गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघायला म्हणून आला. आठ दिवस राहिला, लोकांच्या घरी जेवला, सगळ्यांना दादा-वहिनी म्हणाला. पुढच्या वर्षी त्या सड्यावर चिऱ्यांची खाण सुरू झाली आणि दोन उन्हाळ्यांत झरा आटला. आता शिमगा झाला की त्या गावात टँकर येतो आणि बायका कळश्यांवरून भांडतात. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. इथे तोंड शेजाऱ्यांचं पोळलं होतं, पण फुंकायला काशीराम लागला.

खडपवाडीच्या सड्याच्या सातबाऱ्यावर अकरा नावं होती. त्यातली सात मुंबईला. सामाईकात एकानं जरी आपला हिस्सा बाहेरच्याला दिला, तरी तो बाहेरचा घरात शिरला म्हणून समजा. मग तो वाटप मागतो, आणि नेमका झऱ्यावरचाच तुकडा मागतो. म्हणून दरवर्षी गणपतीला सगळे गावी आले की काशीराम घरोघर जाऊन बजावायचा, “कोन बी सही मागाया आला तर आदी मला इचारा. मी बगतंव त्येच्याकडं.” लोक हो म्हणायचे आणि खरंच विचारायचे. तीन दलाल त्यानं असे वाटेला लावले होते.

आणि अशात वाडीवरून एक वाट निघाली. मंडणगडकडच्या खाडीपासून किनाऱ्याकिनाऱ्यानं, सडे आणि खाड्या ओलांडत थेट राजापूर तालुक्याच्या टोकापर्यंत, सतरा-अठरा दिवस पायी चालायची. शहरातल्या कुठल्याशा मंडळानं दगडांवर पिवळे पट्टे ओढून ती आखली होती. दिवाळी झाली की पाठीवर भलंमोठं ओझं घेतलेली माणसं एकेकटी, दोघं-दोघं यायला लागायची. वाडीनं त्यांना बोचकेवाले असं नाव ठेवलं. सड्याखालचं शेवटचं घर काशीरामचं, त्यामुळे बोचकेवाले मुक्कामाला तिथेच टेकायचे. यमुनाबाई, त्याची बायको, आल्यागेल्याला नाही म्हणणारी नव्हती.

चारच्या सुमाराला ते यायचे. आधी बूट काढायचे, मग मोबाइल लावायला जागा मागायचे आणि मग पाणी. मोजे धुऊन दगडांच्या गडग्यावर वाळत घालायचे. साडेसातला पडवीत घोरायला लागायचे, पहाटे पाचला कपाळावर बॅटरी बांधून खळ्यात, घरापुढच्या अंगणात, चुळा भरत उभे. ओझं कमी व्हावं म्हणून कोणी टूथब्रशची दांडी कापून टाकलेली असायची, कोणी अर्धा साबण मोडून ठेवून जायचा. यमुनाबाईकडे असे अर्धे साबण डबाभर साठले होते.

“गुरां राखायची न्हायत, देवाला जायचं न्हाय, लगीन न्हाय, मर्तिक न्हाय,” काशीराम म्हणायचा. “मंग चालतत कशाला?”

“चालतत आपलं,” यमुनाबाई म्हणायची. “तुमाला काय करायचं हाय?”

पण त्याला करायचं होतं. ह्यांच्यातून एखादा दुर्बीणवाला आलाच तर ओळखायचा कसा? नाव खोटं सांगता येतं, गाव खोटं सांगता येतं. विचार करकरून काशीरामनं उपाय काढला. आल्या पाहुण्याला पाय धुवायला पाणी द्यायची घरची रीत होतीच. ते पाणी आता तो स्वतः द्यायला लागला, तेही चांगलं कढत. पाहुणा पायरीवर बसला की हा समोर उकिडवा बसून तांब्यानं पाणी घालायचा आणि तळवे बघायचा. टाचेला फोड, बोटांना साली गेलेल्या, नख काळंनिळं, म्हणजे माणूस खरोखर चालून आलेला. पाय गुळगुळीत असतील तर हा गाडीनं येऊन वळणावर उतरलाय आणि ह्याच्या पोटात काहीतरी आहे. पाहुण्यांना वाटायचं, काय हा म्हाताऱ्याचा आदर. एका पुण्याच्या बाईंच्या तर डोळ्यांत पाणी आलं.

ह्या परीक्षेत बाकीच्यांना तो एखादं काळं नख नाहीतर जुना व्रण बघून जेमतेम पास करायचा. पैकीच्या पैकी मार्क मिळवणारा एकच निघाला, उन्मेष. मार्गशीर्षात आला. चाळिशीचा, गोड बोलणारा. सतरा दिवस चालतोय म्हणाला, आणि काशीरामनं पाय बघितले. दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड, त्यातला एक फुटलेला. करंगळीची कातडी लोंबत होती. काशीरामनं स्वतःच्या हातानं हळद-खोबरेल लावून पाय बांधले आणि बरं वाटेपर्यंत जायचं नाही म्हणून दम भरला. उन्मेष चार दिवस राहिला.

जन्मभर कोणावर विश्वास न ठेवणाऱ्याला बोलायची भूक फार असते. त्या चार दिवसांत काशीराम बोलला तेवढा लग्न झाल्यापासून यमुनाबाईशीही बोलला नसेल. चौथ्या दिवशी त्यानं उन्मेषला सडाभर फिरवलं. हद्दीचे दगड दाखवले, झऱ्याचं मूळ दाखवलं, अकरा नावांपैकी कोण कुठे असतो आणि कोणाचं कसं चाललंय तेही सांगितलं. उन्मेष मुंबईत त्याच्या धाकट्या भावाच्या, महिपतच्या, शेजारच्या रस्त्यावरच राहणारा निघाला. काशीरामनं आपण होऊन महिपतचा नंबर दिला. “माजं नाव सांग. चाय पेल्याबिगर सोडायचा न्हाय,” म्हणाला.

आणि मग पौषात राही आली. बारीक चणीची, तिशीच्या आतबाहेरची, एकटी. मंडणगडपासून चालत आलेय, आज सोळावा दिवस, असं तिनं सांगितलं. काशीरामनं पाणी घातलं आणि त्याचा हात थांबला. तळवे स्वच्छ. फोड नाही, साल नाही, टाचा जाड आणि कोरड्या. सोळा दिवस चाललेले पाय हे? काय बोलतेस बाय, त्याला वाटलं, मला काय कालचा समजतेस?

रात्री जेवताना तिनं स्वतःच आपला घात केला. कुळथाची पिठी भाकरीला लावता लावता म्हणाली, “काका, तुमचा तो झरा बारा महिने असतो का?”

“कशाला?”

“असंच. आणि सड्यावर पुढे कुठे पाणी आहे? पलीकडे उतरायला किती वेळ लागतो?”

“म्हायत न्हाय,” काशीराम म्हणाला.

जेवण झाल्यावर तिनं पडवीत बसून एका निळ्या वहीत बराच वेळ लिहिलं. काशीराम आतून दाराच्या फटीतून बघत होता. आत येऊन बायकोला म्हणाला, “खानवाल्यांचीच हाय ही. आता बायका पाटवाया लागले.”

“आवो, पोरगी दमून आल्येय. निजा गप.”

त्याला झोप लागली नाही. एकवीस घरं, आणि सगळ्यांचा भार आपल्या डोळ्यांवर, असं त्याला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला थोडं आवडतही होतं.

सकाळी उजाडल्यावर राही बाटल्या भरायला झऱ्यावर गेली. बोचकं पडवीत होतं आणि वही वरच्याच कप्प्यात. काशीरामनं इकडेतिकडे बघितलं, वही काढली आणि गोठ्यामागे गेला. ह्याला चोरी म्हणतात हे त्याला कळत होतं. पण चोराच्या घरी चोरी केली तर कसली चोरी, अशी त्यानं मनाची समजूत घातली. चष्मा लावून तो बोट फिरवत वाचायला लागला.

“दिवस २. सात फोड. रडू आलं. परत जावं का?”

“दिवस ४. टाचेचे दोन फुटले. बूट घालताना ओरडले. अर्धं सामान एका काकूंकडे ठेवून दिलं.”

“दिवस ८. नवीन फोड एकही नाही.”

“दिवस १०. मालगुंड. पाय सरावले. कातडी टणक झाली. सगळे म्हणतात तसंच झालं, पहिल्या आठवड्यात काय ते हाल, मग पायांची आठवणही राहत नाही.”

काशीरामनं ती ओळ पुन्हा वाचली. मग पानं उलटत गेला. कुठे पाणी आहे, कुठे नाही, कुठल्या देवळात झोपू देतात, कुठे कुत्री अंगावर येतात, सगळं मागून येणाऱ्यांसाठी लिहिलेलं. शेवटच्या पानावर खडपवाडी होती.

“दिवस १६. काकांना मी आवडले नाही. का ते कळलं नाही. पायावर पाणी मात्र त्यांनीच घातलं. काकूंनी दुसरी भाकरी न विचारता वाढली.”

त्याला लाज वाटली. पण ती लाज अंगात पुरती भिनायच्या आधीच दुसरा विचार आला. सोळा दिवस चालल्यावर पाय असे होतात. मग सतरा दिवस चाललेल्याच्या टाचांना ताजे फोड कुठून आले? नव्या बुटांनी, एका दिवसात. गाडीनं येऊन वळणावर उतरलेल्या, आयुष्यात कधी न चाललेल्या माणसाच्या पायांना येतात तसे. त्याच्या पायांना काशीरामनं हळद लावली होती.

राही परत आली तेव्हा तो वही हातात घेऊन खळ्यात उभा होता. लपवायचं सुचलंच नाही. तिनं वहीकडे बघितलं, मग त्याच्याकडे.

“वाचलं मी,” तो म्हणाला. “चुकलं माजं.” आणि वही तिच्या हातात देऊन घरात गेला.

महिपतचा फोन तिसऱ्या रिंगला लागला. मागे कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या.

“बोल दादा. एवढ्या सकाळी?”

“तो उन्मेष तुज्याकडं आला व्हता?”

“आला ना. तीनदा आला. चांगला माणूस आहे रे. तुझं किती सांगतो. काकांनी माझे पाय बांधले म्हणून डोळ्यात पाणी काढत होता.”

“काय मागितलान त्यानं?”

“मागितलं काय, तेच ते. सड्यातला माझा हिस्सा. झाली की सही, मागच्या सोमवारी. तुला माहीत नाही?”

काशीराम म्हणाला, “तू मला इचारलंस का न्हाय रे? दरवर्षी सांगतंव ना मी?”

“तुला काय विचारायचं, दादा?” महिपत म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरचा गोंधळ होता. “त्यानं तुझंच नाव सांगितलं. सडा तूच फिरवून दाखवलास, नंबर तूच दिलास. ही पण म्हणाली, आणखी दोघं पण म्हणाले, काशीरामनं ज्याला घरात घेतला त्याच्यात खोट असणार नाही. तू तर कोणाला उंबऱ्याच्या आत घेत नाहीस.”

“आनकी दोगं कोन?”

महिपतनं नावं सांगितली. सातबाऱ्यावरचीच होती. त्यांच्याही सह्या झाल्या होत्या.

काशीरामनं फोन ठेवला. यमुनाबाई दारात उभी होती. “झरा गेला गो,” तो म्हणाला. “दुसऱ्या कोनी न्हाय, मीच दिला.” इतकं म्हणून तो रडला, आणि यमुनाबाईनं त्याला रडू दिलं.

राही बोचकं बांधून खळ्यात थांबली होती. निघताना तिनं पाया पडायला म्हणून वाकायचं केलं, तर तो मागे सरकला. “पलीकडं उतराया अडीच तास लागतत,” त्यानं सांगितलं. “वाटंत पानी न्हाय. दोन्ही बाटल्या भरून घे.” ती पिवळ्या पट्ट्यांवरून वर चढत दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा राहिला.

मग त्यानं चपला घातल्या. वाडीला सांगायचं होतं, आणि आजच सांगायचं होतं, म्हणजे निदान उरलेल्यांच्या सह्या तरी वाचतील. राजापूरला वकील गाठायचा, मुंबईला जायचं, ते सगळं नंतर. पहिल्याच घराच्या खळ्यात चार-पाच बाया झऱ्यावरून आणलेल्या कळश्या उतरवून टेकल्या होत्या. त्याला बघून त्यांच्यातली थोरली मालन पदर सारखा करत म्हणाली, “भावोजी, ती पोरगी येकटीच कशी फिरत्येय वो? बरी हाय ना? तुमी बगितलंव म्हंजे आमाला काळजी न्हाय.”

“ती बरी हाय,” काशीराम म्हणाला. “सांगायचं हाय ते येगळंच,” असं म्हणून तो पायरीवर बसला. मालन त्याच्यासाठी पाण्याचा तांब्या आणायला आत गेली, आणि ती बाहेर येईपर्यंत बाकीच्या बाया, तो पुढे काय सांगतोय ते ऐकायला, जवळ सरकून बसल्या.