चिंधी बांधलेली घंटा

“अप्पा, तुम्ही घंटा कधी वाजवता?”

हा प्रश्न यशस्विनीला आपणहून सुचलेला नव्हता. वर्गातल्या सुष्माने तिला तो विचारायला भाग पाडलं होतं. सुष्मा एकदा घरी येऊन तासभर बसली. तेवढ्या वेळात अम्माने तीनदा घंटा वाजवली आणि तीनदा अप्पा उठून गेले, हे तिने पाहिलं. दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिने विचारलं, मग अप्पांना काही हवं असलं तर ते कुणासाठी वाजवतात? यशस्विनीने हसून काहीतरी विनोद केला. तशी सुष्मा म्हणाली, हिंमत असेल तर घरी जाऊन विचार. आणि दहावीत आल्यापासून, म्हणजे वक्तृत्वात पहिला नंबर आल्यापासून, आपल्याला हिंमत नाही असं कुणी म्हटलेलं यशस्विनीला अजिबात चालत नाही.

मित्रांनो, ती घंटा म्हणजे मी. पितळेची, वीतभर उंच, मुठीवर कमळाची कळी, आणि आत लोलकाला चिंधी गुंडाळलेली. म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात एका लांबट घराच्या मधल्या खोलीत, खाटेशेजारच्या स्टुलावर मी असते.

मला नागमंगलच्या एका ओताऱ्याने घडवलं. या घराचे पणजोबा शामसुंदरराव मला धोतरात गुंडाळून घेऊन आले. तेव्हा इथे कापड रंगवायचं आणि ठशांनी छापायचं काम चाले. मी हिंगलाजमातेच्या देव्हाऱ्यात बसायची, पण माझं खरं काम परसात होतं. हंडीतून पहिलं कापड वर काढायचं, उन्हात धरायचं, आणि रंग नीट बसलेला असला तर मला एकदाच वाजवायचं. रंग फसला तर वाजवायचं नाही. त्यामुळे सगळ्या गल्लीला कळे, आज शामसुंदररावांचा रंग बसला. बायका म्हणत, काय गोड आवाज आहे या घंटेचा. मी तेव्हा फार ऐटीत असे.

पुढे गिरणीचं कापड आलं, हंड्या विकल्या गेल्या, ठसे माळ्यावर गेले. त्यांचे पणतू किरणकुमार आता पुढच्या खोलीत लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापतात. यशस्विनीचे अप्पा ते हेच. त्यांची बायको भाग्या नवी नवरी होऊन आली तेव्हा संध्याकाळच्या आरतीला मला इतक्या जोरात वाजवायची की किरणकुमार म्हणायचे, देवी बहिरी नाही. ती म्हणायची, तुम्ही आहात ना.

मग यशस्विनी झाली आणि तिच्या पाठीवर भुवन झाला. तीन वर्षांचा असताना एका आरतीला त्याने कानांवर हात दाबले आणि भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. डॉक्टरांनी सांगितलं की मुलगा स्वमग्न आहे, काही आवाज त्याला आपल्यासारखे ऐकू येत नाहीत, टोचतात. त्या दिवसापासून आरती टाळ्यांवर होऊ लागली आणि मी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात गेले. त्यानंतर श्रीनिधी झाली. तिला जन्मापासूनच फार थोडं ऐकू येतं. ती कानाला मशीन लावते आणि झोपताना काढून ठेवते.

तुम्ही विचाराल, कपाटात तुला वाईट वाटलं का? खरं सांगते, पहिले काही दिवस वाटलं. नंतर काही वाटेनासं झालं.

चार वर्षांपूर्वी मला बाहेर काढलं ते भाग्याच्या आजारासाठी. एम. एस. नावाचा मज्जातंतूंचा आजार. आधी तिचा पाय लटपटू लागला, मग दोन्ही पाय गेले, मग डावा हात. मग आवाजही बारीक झाला, इतका की पुढच्या खोलीपर्यंत पोचेना. किरणकुमारांनी बॅटरीवर वाजणारी बेल आणून दिली, पण भुवनने ती पहिल्याच दिवशी उघडून तिचे सगळे भाग रांगेत मांडून ठेवले. तेव्हा भाग्याला माझी आठवण झाली. पेटीत पणजोबांनी छापलेल्या कापडाचा एक तुकडा उरला होता, लाल, फुलाफुलांचा. किरणकुमारांनी त्याची पट्टी फाडली, लोलकाला गुंडाळली आणि निरगाठ मारली. सुटायलाच नको, म्हणाले.

आता मला हलवलं की ठप्प, ठप्प एवढंच येतं. भुवनला ते चालतं. श्रीनिधी माझ्या पाठीवर तळहात ठेवते आणि आत काहीतरी धडधडतंय म्हणून हसते. घरातल्या सगळ्यांना चालेल असा तो आवाज आहे. मला मात्र तो माझा वाटत नाही.

किरणकुमारांना तो बरोबर ऐकू येतो. दुसऱ्या ठप्पच्या आत ते दारात उभे असतात, हाताला शाई असते. ते कधी वैतागत नाहीत, तसे हसतही नाहीत. भाग्याला पाणी पाजतात, कूस बदलतात, खाटेवरून चाकाच्या खुर्चीत बसवतात, परत खाटेवर ठेवतात. भुवनला ठरलेल्या निळ्याच ताटात भात वाढतात, दही वेगळ्या वाटीत, कारण दही भाताला लागलं तर तो दिवसभर जेवत नाही. श्रीनिधीच्या मशीनची बॅटरी बदलतात, तिच्यासमोर बसून तिला ओठ दिसतील असं सावकाश बोलतात. पाहुणे म्हणतात, किरण, किती करतोस. ते म्हणतात, “सुम्ने. घरचंच तर आहे.” सुम्ने म्हणजे कन्नडमध्ये असंच, काही विशेष नाही. एवढं बोलून पुन्हा आत जातात.

उचलण्याची त्यांची एक पद्धत आहे. आधी मोठ्याने कन्नडमध्ये मोजायचं, ओंदु, एरडु, मूरु, आणि मूरुला उचलायचं. म्हणजे भाग्या तयार असते आणि भुवन दचकत नाही. तीन झाले की काहीतरी होतं, हे त्याला पटलेलं आहे.

स्टुलावर मी नेमकी त्यांच्या पोटाच्या उंचीवर असते. म्हणून मला दिसायचं. ओंदु म्हणताना ते एक हात जांघेशी दाबून धरायचे. लुंगीच्या आत एक पट्टा होता, रोज थोडा अधिक आवळलेला. भाग्याचं तोंड त्यांच्या खांद्यावर असे, तिला हे दिसत नसे. मुलांना कोण दाखवणार? मी दोन वर्षं बघत होते. पण मित्रांनो, कुणी हलवल्याशिवाय घंटेला बोलता येत नाही.

तर त्या शुक्रवारी, जेवणाच्या वेळी, यशस्विनीने भाषणाला उभं राहावं तशी उभी राहून प्रश्न विचारला. अप्पा भुवनचं दही वाटीत काढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मला काय झालंय?” ते म्हणाले.

भाग्याने त्यांच्याकडे पाहिलं. तिला काही विचारायचं होतं असं मला वाटलं, पण तेवढ्यात श्रीनिधीने पाणी सांडलं.

शनिवारी शाळा अर्धीच होती. यशस्विनीने सुष्माला सांगितलं की मी विचारलं, मी जिंकले. सुष्मा म्हणाली, हे उत्तर कुठे आहे, त्यांनी तुलाच उलटा प्रश्न विचारला. दोघी चुरमुरी खात गल्लीच्या तोंडाशी उभ्या राहून यावर वाद घालत होत्या. हे सगळं तिने मला नंतर, मला पुसता पुसता सांगितलं. तिला कुणाशीही बोलायला आवडतं, माझ्याशीसुद्धा.

घरात त्या वेळी किरणकुमार भाग्याला खुर्चीतून खाटेवर घेत होते. ओंदु. एरडु. मूरु आलंच नाही. तिला अर्धवट उचललेलं त्यांनी कसंबसं परत खुर्चीत टेकवलं, स्वतः खाटेचा पाय धरून खाली बसले आणि मग आडवे झाले. चेहरा घामाने भिजला होता. बोलता येत नव्हतं. भाग्याने त्यांना दोनदा हाक मारली. मग मला उचललं.

ठप्प, ठप्प.

कोण ऐकणार? जो दुसऱ्या ठप्पला येतो तो खाली पडला होता. श्रीनिधी मशीन काढून चटईवर झोपली होती. भुवन कोपऱ्यात खराब झालेल्या पत्रिका रंगांप्रमाणे लावत होता. फोन पुढच्या खोलीत शाईच्या डब्यांशेजारी होता.

भाग्याने मला उलटं केलं आणि गाठ दातात धरली. निरगाठ ती. सुटेना. तिने पुन्हा ओढली. शेवटी साठ वर्षांचं ते कापडच फाटलं. तिने भुवनकडे पाहिलं.

“पुट्टा, बाळा, आता आवाज होणार. अम्मा सॉरी.”

आणि तिने मला वाजवलं.

मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझा आवाज मला ऐकू आला आणि मला आनंद झाला नाही. भुवनने कान दाबले आणि तो ओरडू लागला. भाग्या रडत नव्हती, थांबतही नव्हती. भिंतीपलीकडच्या घरात कमलाक्षी आंटी दारात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांनी घंटा ऐकली, शनिवार आहे, यांच्याकडे पूजा असेल, असं समजून सूप बाजूला ठेवलं आणि भिंतीकडे बघून हात जोडले. भुवनचं ओरडणंही त्यांनी ऐकलं. त्याची तर सगळ्या गल्लीला सवय आहे. एके काळी माझ्या एका ठोक्याने या गल्लीला रंग बसल्याचं कळायचं. आता मी वाजत होते, वाजत होते, आणि गल्ली हात जोडून आपापल्या कामाला लागली.

यशस्विनीने मात्र ऐकलं आणि तिच्या हातातली चुरमुरी रस्त्यावर सांडली. आमच्या घरात काहीही झालं तरी ती घंटा उघडी वाजवणार नाहीत, भुवन आहे, असं काहीतरी ती सुष्माला पळता पळता म्हणाली.

ती आत आली तेव्हा भाग्याच्या बोटांतून मी सुटून जमिनीवर पडले होते. पुढचं मला खालूनच दिसलं. यशस्विनी कमलाक्षी आंटींना भिंतीवरून हाक मारत होती, सुष्मा रिक्षा घेऊन आली, आंटींचे यजमान आणि रिक्षावाला यांनी किरणकुमारांना धरून नेलं. जाताना ते एवढंच म्हणाले की श्रीनिधीची बॅटरी संपत आलीय.

हर्निया होता. आतडं अडकलं होतं. त्याच संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून आहे, तर म्हणाले, सुम्ने, थोडं होतं. थोडं म्हणजे दोन वर्षं, हे पट्टा सोडणाऱ्या नर्सने यशस्विनीला सांगितलं. आणखी उशीर झाला असता तर काय, ते तिने विचारलं नाही.

आठवड्याने ते घरी आले. तीन महिने काही उचलायचं नाही, असं बजावलेलं. मधल्या खोलीत आता दोन खाटा लागल्या. कमलाक्षी आंटी येऊन रडल्या, म्हणाल्या, “अय्यो, मी नमस्कार करत बसले गं.” भाग्या म्हणाली की देवीला पोचला असेल, रिक्षा तिनेच पाठवली. खूप दिवसांनी तिने असं काही म्हटलं.

मग वरुण्याहून वेदवती आत्या आल्या, किरणकुमारांची मोठी बहीण. त्यांनी चार दिवस स्वयंपाक केला, भुवनचं दही चुकवलं, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी प्रेमानेच म्हणाल्या की पोरगी आता मोठी झालीय, यंदाचं वर्ष शाळा राहू दे, घरी बसून परीक्षा देईल नाहीतर पुढच्या वर्षी देईल. भाग्याने डोळे मिटून घेतले. किरणकुमार छताकडे बघत होते. ज्या चेहऱ्याने ते दही काढत, त्याच चेहऱ्याने ते पडून होते. यशस्विनी दारात उभी होती. तिचं सगळं वर्ष त्या खोलीत मधोमध पडलं होतं आणि कुणी ते उचलत नव्हतं.

ती दारातून आत आली. मला घेऊन परसात गेली, चिंचेने घासून लख्ख केलं, आणि मघाशी मी तुम्हाला सांगितलं ते सुष्माचं सगळं मला सांगितलं. मग बराच वेळ भिंतीपलीकडे कमलाक्षी आंटींशी बोलत राहिली.

मित्रांनो, तुमच्याही घरात एक माणूस असेल ज्याला कुणी घंटा दिलेली नाही. सगळ्यांची हाक ऐकून जो उठतो, तो. तो म्हणेल मला काय झालंय. त्यावर विश्वास ठेवू नका. मी ठेवला नव्हता, पण मला बोलता येत नव्हतं. तुम्हाला येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या बसने गेल्या. यशस्विनीने शाळेचा गणवेश घातला, दप्तर पाठीला लावलं, आणि मला घेऊन दोन खाटांच्या मध्ये उभी राहिली. श्रीनिधीला ओठ दिसावेत म्हणून ती तिच्याकडे तोंड करून, सावकाश बोलली.

“अप्पा, अम्मा, मी ठरवलंय. शाळा मी सोडणार नाही, एक दिवसही नाही. सकाळी जाण्याआधी आणि आल्यावर अम्माला मी आणि आंटी मिळून उचलणार, आंटींना मोजायला शिकवलंय. दुपारी त्यांची सून येईल, तिलाही शिकवते. भुवनचं दही काल मीच वाढलं, तो जेवला.” तिने स्टूल दोन्ही खाटांच्या मधोमध सरकवलं आणि मला त्यावर ठेवलं, मूठ अप्पांच्या हाताकडे. “आणि ही आता तुम्हा दोघांची. अप्पा, रोज एकदा तरी वाजवायची. पाणी हवं असेल तर वाजवा, काही नको असेल तरी वाजवा, मी येईन. चिंधी परत बांधलीय, भुवनसाठी. पण या वेळी सुरगाठ मारलीय. दुखलं तर एका हाताने ओढा, सुटते. गल्लीत सगळ्यांना सांगून आलेय मी, आता कुणी हात जोडणार नाही.”