सरांच्या पायताणाची करकर

मित्रांनो, आम्ही एक जुना जोड आहोत. पायताणांचा, अस्सल कोल्हापुरी. हां, नाक मुरडू नका! तुमच्या पायातल्या त्या रबरी चपलांपेक्षा आमचं वय जास्त आहे आणि रुबाबही. शिवाय आम्हाला कान आहेत. बाजूला जे दोन पट्टे असतात ना, त्यांना कानच म्हणतात. या कानांनी शाळेत सात वर्षं बरंच काही ऐकलं. त्यातलं एक तुम्हाला सांगितल्याशिवाय आम्हाला चैन पडणार नाही.

आमचा जन्म गुंडूमामांच्या हातचा. बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरलेलं कातडं, शिवायला कातड्याचीच वादी, खिळा म्हणून एक नाही. दोन तळांच्या मधे मामांनी एक वाळकी बी दडवली आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "पावणं, जरा चालून बघा." गिऱ्हाईक म्हणजे आमचे उदयसिंह सर, प्राथमिक शाळेतले शिक्षक. त्यांनी पाऊल टाकलं आणि आम्ही पहिल्यांदा बोललो. करकर, करकर! मामा खूश. "आता तुमी गल्लीच्या टोकाला असला तरी घरात कळतंय कोण आलंय!" आमच्याकडं न वाजणारं पायताण म्हणजे मीठ नसलेला रस्सा.

सुरुवातीला सरांबरोबर आम्ही गगनबावड्याच्या शाळेत होतो. तिथल्या पावसानं आमच्या अंगावर बुरशी धरायची आणि सर आम्हाला चुलीजवळ बसवून वाळवायचे. मग शहरात बदली झाली, शाहूपुरीजवळच्या शाळेत. तिसरीचा वर्ग व्हरांड्याच्या टोकाला. आम्ही दुसऱ्या टोकाला वाजलो की आतला गोंधळ बंद आणि पुस्तकं उघडी. मुलांची पायताणं दाराबाहेर राहायची, आम्ही मात्र थेट फळ्यापर्यंत. काय मान होता म्हणून सांगू!

एका जूनमध्ये वर्गात तेजस्वी आली. चंदगडकडची, आठ वर्षांची, दोन घट्ट वेण्या. बोलायची जवळजवळ नाहीच. डबा पडला, बाक सरकला, कुणी मागून हात लावला की तिचे दोन्ही हात कानांवर जायचे आणि ती टेबलाखाली शिरायची. कधी अशी किंचाळायची की शेजारच्या वर्गाचे पाढे मधेच थांबायचे. तिची आई स्नेहलताई पहिल्या दिवशी दारातच उभ्या राहून म्हणाल्या, "सर, दोन शाळांनी हात टेकलं. हितं बी न्हाय जमलं तर मी तिला घरातच ठेवणार. रोज लोकांचं ऐकून घ्यायची ताकद न्हाय आता."

"दिवाळीपर्यंत तरी थांबा की," सर म्हणाले.

आणि सर कामाला लागले. बाकांच्या पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधले. आधी गणित, मग डबा, मग खेळ, अशी दिवसाची चित्रं फळ्याशेजारी टांगली. टेबलाखाली घरची वाकळ, म्हणजे गोधडी, अंथरली आणि सांगून टाकलं, ज्याला नकोसं होईल त्यानं तिथं बसायचं, कुणी काही विचारायचं नाही. वर्गात आदर्श नावाचा एक पोरगा होता. त्याचं बूड एका जागी म्हणून टिकत नसे, अर्धा वेळ तो बाकाखालीच असायचा. त्याला सरांनी वह्या वाटायचं आणि फळा पुसायचं काम दिलं. "पाढे बाकाखालनं म्हटलास तरी चालंल, पण म्हण!" असंही बजावलं. दोन महिन्यांत तेजस्वी सगळ्यांमध्ये बसून डबा खायला लागली. स्नेहलताईंना आम्ही तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. आनंदाच्या भरात आम्ही दुप्पट वाजलो.

तिथंच घोळ झाला.

फळ्याकडं जाता जाता सर एकदम थबकले आणि खाली आमच्याकडं बघायला लागले. "आरं तिच्या! सगळ्या वर्गाचा आवाज घालवला आणि मीच करकर करत हिंडतोय व्हय!" दुसऱ्या दिवशी सरांच्या पायात रबरी चपला आणि आम्ही वर्गातल्या कपाटाखाली. मित्रांनो, फार लागलं हो मनाला. इतक्या वर्षांत कुणी आम्हाला गप्प बसा म्हटलं नव्हतं. मग म्हटलं, पोरीच्या भल्यासाठीच ना? खाऊ धूळ.

पण झालं भलतंच. सर आता मांजरागत यायचे. तेजस्वीची वही बघायला ते मागून वाकले, तशी ती जोरात किंचाळली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ती वर्गातून जी पळाली ती फाटकापर्यंत. बाहेर भर रहदारीचा रस्ता! सरांनी धापा टाकत तिला गाठलं आणि परत आणलं. स्नेहलताई आल्या आणि त्यांनी तिचं दप्तर उचललं.

"बास झालं सर. उद्यापासनं आणत न्हाय."

तेजस्वी टेबलाखाली वाकळीवर, कान गच्च दाबून. सर खुर्चीत मटकन बसले. "काय चुकलं माझं? सगळा आवाज तर बंद केला की," असं ते पुटपुटले. कपाटाखाली आम्ही नुसते तळमळत होतो. ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण पायाशिवाय पायताणाला वाचा कुठली?

तेवढ्यात बाकाखालून आदर्श बोलला, "सर, तुमची पायताणं कुठं हायत?"

"ठेवलीत रे. तिला तरास नको म्हणून."

"तिला तरास व्हतच नव्हता की! तुमची करकर व्हरांड्यात आली की ती बोटानं बाकावर ठेका धरायची. माझ्या डोस्क्यावरच वाजायचा न्हवं! मग वही सरळ करून बसायची. आता तुमी एकदम उगवताय. मी बी दचकतोय."

सर बाकाखाली वाकले. "मग मला आधी का बोलला न्हाईस?"

"तुमी इचारलं कुठं?"

सरांनी कपाळावर हात मारला. गुडघ्यावर बसून त्यांनी आम्हाला बाहेर ओढलं, फुंकर घालून धूळ उडवली, पायात घातलं आणि थेट व्हरांड्याच्या पलीकडच्या टोकाला जाऊन उभे राहिले. तिथून वळून हळूहळू चालत आले. आम्ही आयुष्यात इतका जीव ओतून कधी वाजलो नव्हतो. करकर. करकर. अर्ध्या वाटेवर आलो आणि आतून ऐकू आलं, टक. टक. टेबलाच्या लाकडावर एक बोट आमच्या तालात वाजत होतं. आम्हाला तर नाचावंसं वाटलं, पण सरांनी पाऊल बदललं नाही.

दारात पोचलो तेव्हा तेजस्वी आपल्या बाकावर होती. वही सरळ, नजर दाराकडं. "सर आलं," ती मोठ्यानं म्हणाली. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं! स्नेहलताईंनी दप्तर परत बाकावर ठेवलं आणि त्या हसत हसत रडायला लागल्या. आदर्श शिट्टी मारणार होता, पण ऐन वेळी त्यानं आपलंच तोंड दाबून धरलं.

त्या दिवसापासून सर प्रत्येक पोराला विचारतात, तुला काय जमतंय, काय सोसत न्हाय? आदर्शला नवीन काम मिळालंय. घंटा व्हायच्या आधी तो उठतो आणि "घंटा व्हणार हाय!" असं सांगत वर्गभर फिरून येतो. त्याच्या पायांनाही बरं आणि तेजस्वीच्या कानांनाही. दिवाळी आली आणि गेली, घरी ठेवायचा विषय कुणी काढला नाही.

आता आमचे तळ झिजलेत. परवा सर आम्हाला नवे तळ लावायला गुंडूमामांकडं घेऊन गेले आणि म्हणाले, "मामा, आवाज हाय तसाच ऱ्हाऊ दे." मामा उखडलेच. "खुळं का काय? आवाज गेल्यावर मग ऱ्हायलं काय?"

मित्रांनो, आमचं मागणं थोडकंच आहे. पायताणं जपून वापरा, आणि एखादं पोर वेगळं वागलं तर त्याला काय हवं ते आपल्याच मनानं ठरवू नका. त्याला विचारा. ते बोलत नसेल, तर आदर्शसारखं त्याच्या जवळ बसून नीट बघा.

एक सांगायचं राहिलंच. दिवाळीला स्नेहलताईंनी गुंडूमामांकडून एक चिमुकला जोड करून घेतला. काल सकाळी सर फळ्यावर तारीख लिहीत होते आणि फाटकाकडून बारीक आवाज आला. करकर, करकर. सरांनी खडू खाली ठेवला, टेबलावरची वही सरळ केली आणि दाराकडं तोंड करून ताठ उभे राहिले.

"तेजस्वी आली," ते म्हणाले.

"व्हय सर," व्हरांड्यातून अस्सल कोल्हापुरी उत्तर आलं, "आलो की!"