चौथी ओवी

वृत्तांची नावे मला तोंडपाठ होती. भुजंगप्रयात म्हणजे सापाची चाल, शार्दूलविक्रीडित म्हणजे वाघाचा खेळ, मंदाक्रांता म्हणजे हळूहळू पाऊल टाकणारी. सगळ्या शुक्रवार पेठेत माझ्याशी वाद घालायला कोणी धजत नसे, आणि मला त्याचा माज होता.

दिगंबरपंत नवी पाठशाळा काढणार होते. अध्यापकाची जागा सभेत ठरायची होती. आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला, ओवी हे नाव कशावरून पडले तेही ऐकायचे आहे. माझ्या पोथ्यांत ते कुठून असणार? ओवी म्हणजे बायकांचे रडगाणे, असे मी आजवर हिणवत आलो होतो.

शेवटी मुकाट्याने जात्यापाशी गेलो. आईमागे मला वाढवणारी माझी विधवा बहीण, मुक्ताबाई, दळत बसली होती.

"अक्का, ओवीला ओवी का म्हणतात गं?"

"एवढा शास्त्री झालास आणि हे मला विचारतोस?" ती हसली. "अरे, फुलं ओवतो तसे शब्द ओवायचे. तीन चरण भरून ओवायचे, चौथा आखूड ठेवायचा. गाठ मारायला दोरा उरायला नको का?"

सभेत मी तेच बोललो, अगदी तिच्याच शब्दांत. सगळे माना डोलवू लागले. पंतांनी विचारले, "यज्ञेश्वरशास्त्री, हा अर्थ आपण कुणाकडून घेतलात?"

चिकाच्या पडद्याआड बायका बसल्या होत्या. त्यांत अक्का होती, हे मला ठाऊक होते. पण जात्याचे नाव घेतले तर पंडित हसतील, या भीतीने मी कचरलो.

"काशीच्या गुरुजींकडून," मी म्हणालो. काशी मी पाहिलेलीसुद्धा नाही.

जागा मला मिळाली. घरी अक्काने पान वाढले. "काशीतही दळायची जाती असतात वाटतं," एवढेच म्हणाली. मी अर्ध्या पानावरून उठलो.

तिचा एक नेम होता. पहाटे दळताना पहिली ओवी देवाची, दुसरी वडिलांची, तिसरी गेलेल्या यजमानांची आणि चौथी माझ्या नावाची. लहानपणापासून मी ती ऐकूनच उठत आलो.

दुसऱ्या दिवशी मी अंथरुणात कान देऊन पडलो होतो. देवाची झाली, वडिलांची झाली, यजमानांची झाली. मग नुसतेच जाते फिरत राहिले.

मेल्याहून मेल्यासारखे झाले. उठून "अक्का, चुकलो" म्हणावे, तर तेवढेही तोंड उरले नव्हते. दळण सरेपर्यंत मी पांघरूण डोक्यावर ओढून पडून राहिलो.