यंत्रावरचं चैत्रांगण

“अगं बाई, चंद्राची होडीच झाली की!” कालिंदी हसत सुटली. भोकं पाडून यंत्राला आकडे भरवायच्या कार्डात एक आकडा चुकला होता आणि गणकयंत्राला जोडलेल्या पेननं कागदावर चंद्र आडवा पाडला होता.

शेजारच्या टेबलावरचा अनिमेष उठून आला. “राहू द्या, दीदी. आता दुसरा आकडा बदलून बघा.”

यंत्राकडून नकाशे काढून घ्यायचं काम या दोघांचं. जेवणाच्या सुट्टीत मात्र हा पोरखेळ. आकडा बदलायचा, पेन कुठं पळतं ते बघायचं, फसलं की पुन्हा. कुणी म्हणून शिकवलं नव्हतं; खेळता खेळताच तिला गोल जमला, मग कमळ, त्रिशूळ, धनुष्यबाण. चैत्र लागला होता. बालीगंजच्या तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला कुठलं आलंय अंगण? मग चैत्रगौरीचं चैत्रांगण तिनं इथंच, यंत्रावर मांडलं. गौरीची पावलं काढताना एक कार्ड चुकून पुन्हा पुन्हा गेलं आणि पावलं थेट कागदाच्या कडेपर्यंत चालत गेली. दोघं पोट धरून हसले. तेवढ्यात बाहेर बॉम्ब फुटला, तशी अनिमेषनं खिडकी लावून घेतली. एकाहत्तर साल होतं, नक्षलवाद्यांच्या धरपकडीचं. पोलिसांना धरून न्यायला तरुण वय पुरत होतं.

“हे मला द्या. माझ्या डमडमच्या खोलीत भिंतीवर लावतो,” तो म्हणाला. तिनं कौतुकानं दिलं.

आठवडाभरात अनिमेष यायचा बंद झाला. खोलीला कुलूप. ऑफिसात कुणी त्याचं नाव काढीना. कालिंदीला घास गोड लागेना.

“हे बघ,” नवरा गुरुदत्त म्हणाला, “आपण बँकेच्या बदलीवर आलेली माणसं. कुणी विचारलं तर सरळ कानांवर हात ठेव.”

आणि विचारायला आलेच. साध्या कपड्यातल्या पोलीस अधिकाऱ्यानं ऑफिसात तिच्या टेबलावर तो चैत्रांगणाचा कागद पसरला. मागं भिंतीचा चुना चिकटलेला.

“हा त्रिशूळ, हा बाण, ही पावलं. कुठल्या गल्लीचा नकाशा आहे? कुणी काढला?”

ऑफिसच्या साहेबांनी फायलीत डोकं खुपसलं. कालिंदीला कानांवर हात ठेवायचे होते, पण ठेववले नाहीत.

“मी. नकाशा कसला, आमच्या गौरीची रांगोळी आहे ती! थांबा, दाखवते.”

तिनं कार्डांची चळत यंत्रात सरकवली. पेन सरसर फिरू लागलं. अधिकाऱ्यानं दोन्ही कागद शेजारी शेजारी धरले. रेघेला रेघ जुळत होती.

“म्हणजे यात काहीच नाही?”

“काही म्हणजे काही नाही. अनिमेषला मीच दिला होता. झाली ना खात्री? आता सोडा हो त्याला.”

अधिकाऱ्यानं दोन्ही कागद एकावर एक ठेवले. “कोण अनिमेष? असा कुणी आमच्याकडे नाही. कधी नव्हताच.”

“मग हा कागद तुमच्याकडे आला कुठून?”

त्यानं कागद गुंडाळून काखेत मारला आणि चालू लागला. कालिंदी त्याच्यामागं जिन्यापर्यंत गेली, आणि सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल अशा आवाजात तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला.