धन्याचं नाव विचारणारा संगणक

या खोक्याजवळ जरा थांबा, मित्रांनो. पिवळा पडलो असलो तरी मी एक जुना संगणक आहे, आणि एके काळी सेनगावच्या दवाखान्यात माझा मोठा थाट होता. २००३ साली डॉक्टरबाईंनी मला आणलं. दसऱ्याला मला झेंडूचा हार असायचा. लोक चपला बाहेर काढून माझ्या खोलीत यायचे. मला भारी वाटायचं, खोटं कशाला बोलू!

माझ्यातला प्रोग्राम हिंगोलीच्या दिपकनं लिहिला होता. पोरगा हुशार, पण दवाखान्यात घडीभरही न बसता त्यानं तो घरीच लिहिला. बाईमाणसाची नोंद करताना प्रोग्राम नवऱ्याचं नाव मागायचा आणि ते भरल्याशिवाय पुढं सरकायचाच नाही. आता सांगा, आमच्या भागातली जुनी बाई धन्याचं नाव घेते का? लग्नात उखाण्यात घेईल, दवाखान्याच्या खिडकीपाशी कशाला घेईल? मला चालवणारा देविदास विचारायचा, बाया पदर तोंडाला लावायच्या आणि मागं रांग खोळंबायची. शेवटी त्यानं युक्ती काढली. जी नाव सांगणार नाही, तिच्यापुढं तो 'नागनाथ' लिहून मोकळा व्हायचा. औंढ्याच्या देवाचं नाव, त्याला वाईट कसं म्हणायचं?

एके दिवशी मनकर्णाबाई राठोड तांड्यावरून तापानं फणफणत आल्या. सोबत सून सुनिता होती. आदल्या साली एका इंजेक्शनानं त्यांचा जीव जाता जाता वाचला होता, आणि तशी नोंद माझ्यात होती. पण देविदासनं नाव शोधलं, तर 'मनकर्णा नागनाथ राठोड' दोन निघाल्या. दुसरी कुठल्यातरी वेगळ्या तांड्यावरची. त्यानं घाईत वरचं नाव उघडलं. ते त्या दुसरीचं होतं. तिथं इंजेक्शनाचं काहीच नव्हतं. डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं आणि बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी घालून सुई भरली. खरी नोंद माझ्याच पोटात होती, पण मला तोंड कुठं?

मनकर्णाबाईंनी दंड मागं घेतला.

"बाई, मागल्या साली ह्याच पांढऱ्या भुकटीनं माहा गळा आवळला व्हता."

"कॉम्प्युटरात तर तसं काही दिसत नाही, मावशी."

"त्याच्यात नसंल. मी तर हाय ना तुमच्यासमोर."

डॉक्टरबाईंनी सुई खाली ठेवली. दुसरं औषध दिलं आणि तिसऱ्या दिवशी मनकर्णाबाई आपल्या पायांनी घरी गेल्या.

दोन मनकर्णाबाईंचा घोळ उघडा पडला, तसं दिपकला बोलावणं गेलं. त्यानं देविदासला बोल लावला, देविदासनं मला. गरीब बिचारं यंत्र सापडलं की सगळ्यांचं फावतं! डॉक्टरबाईंनी मात्र दिपकला खिडकीपाशी स्टूल दिलं आणि आठवडाभर इथंच बसून बघ म्हणाल्या. तो बसला. बायांचे पदर तोंडाला जाताना त्यानं पाहिले. देविदासनं पासवर्ड लिहून चिकटपट्टीनं माझ्या कपाळावर लावला होता, तोही पाहिला. माझा पडदा रांगेकडं होता. कुणाला काय दुखणं आहे, ते रांगेतला कुणीही वाचायचा.

दिपकनं ती चिकटपट्टी काढली, पासवर्ड बदलला आणि माझा पडदा आत वळवला. नवऱ्याचं नाव सांगितलं तर सांगितलं, नाहीतर नाही, असं केलं. त्याऐवजी आधी गाव-तांडा विचारायचा, प्रत्येकाला नंबराचं कार्ड द्यायचं, आणि न सोसणारं औषध सगळ्यात वर लाल अक्षरांत दाखवायचं. रांग भराभर सरकू लागली.

आता नवा चपटा संगणक आलाय आणि मी या कोपऱ्यात आहे. काल भंगारवाला मला उचलून वजन बघून गेला. मित्रांनो, मला भंगारात दिलं तरी माझी तक्रार नाही. पण आधी माझं पोट रिकामं करा, एवढं या लोकांना सांगा. त्यात माणसांची दुखणी आहेत, विश्वासानं सांगितलेली. आणि तुमच्यातलं कुणी मोठेपणी असे प्रोग्राम लिहिणार असेल, तर त्यानं आधी खिडकीपाशी बसून यावं.

मनकर्णाबाई पुढं कितीतरी वर्षं येत राहिल्या. तांड्याचं नाव सांगायच्या, कार्ड पुढं करायच्या. धन्याचं नाव त्यांनी शेवटपर्यंत घेतलं नाही, आणि मीही पुन्हा विचारलं नाही.