शोधात आहे

बायको गेली आणि त्याच वर्षी आमचा कारखाना बंद पडला. मी तिथे स्टोअर सांभाळायचो. घरात बसलो की भिंती अंगावर यायच्या. पगार तर हवाच होता, पण रोज उठून जायला एक जागाही हवी होती.

मुलगी सासरहून आली तेव्हा म्हणाली, "बाबा, नुसते अर्ज टाकून कोण विचारतंय? ओळखी वाढवा." नोकरीधंद्याच्या ओळखी जमवायच्या साइटवर तिनं मला माझ्या फोनवर खातं उघडून दिलं. मी लिहिलं होतं, "मी बऱ्याच दिवसांपासून नोकरी शोधतो आहे." ते तिला रडकं वाटलं. तिनं छाटून एवढंच ठेवलं: "मी कामाच्या शोधात आहे. ओळखीत काही असेल तर जरूर कळवा."

"आणि लाजू नका. दिसेल त्याला पाठवा."

ती गेल्यावर मी घरच्या कॉम्प्युटरवर बसलो, कारण फोनवरची अक्षरं मला दिसत नाहीत. साइट आपोआप उघडली. कोपऱ्यात बायकोचा फोटो होता. घरात जिकडेतिकडे तिचाच फोटो आहे, त्यामुळे मला वेगळं काही वाटलं नाही. बरीच नावं जोडलेली दिसली. मुलीनंच जोडली असतील, असं समजून सगळ्यांना तो मजकूर पाठवला.

दुपारी पहिलं उत्तर आलं, बायकोच्या जुन्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडमचं. "अगं, होतीस कुठे? बरी झालीस ना? तुझी खुर्ची अजून कुणाला मानवलेली नाही. खाली नंबर दिलाय, आत्ताच्या आत्ता फोन कर."

बायकोनं आजारी म्हणून नोकरी सोडली, पण आजार कसला ते ऑफिसात कुणाला कळू दिलं नव्हतं. "माझं टक्कल बघायला गर्दी नको," म्हणायची. नंतर कळवायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही.

मजकूर पुन्हा वाचला. त्यात एक 'शोधतो' राहिलं असतं, तरी पुरुषानं लिहिलंय हे कळलं असतं.

फोन लावला. "मी तिचा नवरा बोलतोय."

"अहो भावोजी! द्या तिला. आधी शिव्या घालते, मग बोलते."

"ती नाहीये."

"बाहेर गेलीय?"

मग सांगावंच लागलं. त्या तिथल्या कुणाला तरी म्हणाल्या, "राहू दे, तिच्यासाठी टेबल आवरू नकोस." मग मला, "पण मेसेज?"

"माझाच. चुकून तिच्या खात्यातून गेला. नोकरी मला हवी होती."

त्या रडायला लागल्या. मी फोन ठेवायला हवा होता. त्याऐवजी विचारलं, "तुमच्याकडे स्टोअरला जागा आहे का?"

रडणं थांबलं.

"माहिती पाठवा, साहेब," त्या म्हणाल्या.

खात्यात उत्तरं येतच होती. एकेकाला खरं कळवायला बसलो. तिसऱ्याला लिहिताना, शेवटी नोकरीचं घालावं की नाही, यावर बोटं अडली.

पहिल्या दोघांना मी ते घालून पाठवलंसुद्धा होतं.