डावी बाजू

दोन राज्यं जोडणाऱ्या महामार्गाच्या ऑफिसात तो वीस वर्षं नकाशे काढत होता. त्यामुळे रस्त्याचा विषय निघाला की घरात त्याचाच शब्द शेवटचा. थोरली बहीण तर कौतुकानं त्याला 'साहेब'च म्हणायची. तिचं दोन खोल्यांचं घर रस्त्यालगतच, आणि पुढच्या खोलीत शिलाई मशीन.

रुंदीकरणाची नोटीस लागली तशी ती धावत आली.

"साहेब, डावी बाजू पाडणार म्हणे! हरकतीचा अर्ज देऊ का रे? तीस दिवसांची मुदत आहे."

नकाशा उघडायचीही तसदी न घेता तो हसला. "अगं ताई, तुझं घर उजवीकडे. उगाच जिवाला घोर लावून घेऊ नकोस."

अतिशहाणा, दुसरं काय! रस्त्याचं डावं-उजवं ठरतं ते शून्य किलोमीटरकडे, म्हणजे अंतर जिथून मोजतात त्या टोकाकडे, पाठ करून उभं राहिल्यावर. इतकी वर्षं शून्य होतं याच गावात. नव्या कामात ते पलीकडच्या राज्यात गेलं आणि उजवं ते डावं झालं. तसं पत्र त्याच्याच टेबलावर आलं होतं. वाचल्याची सहीसुद्धा त्याचीच!

डोक्यात प्रकाश पडला तेव्हा मुदत उलटून अकरा दिवस झाले होते. वरिष्ठांचे पाय धरले, उपयोग शून्य. ताईला सांगायला तीनदा गेला आणि तीनदा चहा पिऊन परतला. थू त्याच्या जिनगानीवर!

मोजणीच्या सकाळी फाइल घेऊन त्यालाच यावं लागलं. दारावर लाल फुली पडली तसे भावोजी कडाडले, "तुझा भाऊ काय म्हणाला होता गं?"

"त्यानं बरोबरच सांगितलं होतं हो," ताई म्हणाली. "मीच घोळ घातला. मला मेलीला लहानपणापासून डावं-उजवं कुठं कळतं?"

पहिलीत त्याच्या मनगटाला दोरा बांधून डावं-उजवं शिकवलं होतं ते हिनंच.

भावोजी वळले. "खरं का रे?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं त्याला. खरं बोलायला तोंड उघडलं, पण मोजणीवाले बघत होते. त्यानं होकारार्थी मान हलवली.

ताईनं मशीनवर झाकण घातलं. "चल, हात लाव. तू डावीकडून धर," ती म्हणाली. 'साहेब' मात्र म्हणाली नाही.